निबुतानीचे अत्तुश : सालीचे कापड आणि झाडावरचा हक्क

मार्च 2013 मध्ये जपानच्या अर्थ, व्यापार आणि उद्योग मंत्रालयाने होक्काइदो बेटावरील बिरातोरी नगरातल्या दोन वस्तूंना 'पारंपरिक हस्तकला' असा राष्ट्रीय दर्जा दिला. एक होती लाकडात नक्षी कोरलेली उथळ तबके आणि दुसरी होती ओह्यो नावाच्या डोंगरी एल्म वृक्षाच्या अंतर्सालीपासून विणलेले कापड, अर्थात अत्तुश. दोन्ही वस्तू ऐनू या तेथील मूळ रहिवासी समाजाच्या आहेत आणि दोन्ही सारु नदीकाठच्या निबुतानी या वस्तीच्या नावाने नोंदवल्या गेल्या. होक्काइदोतल्या कोणत्याही हस्तकलेला हा दर्जा मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

या प्रकरणाचा अभ्यास करावासा वाटतो तो एका विसंगतीमुळे. कलेला सरकारी मान्यता मिळाली, विणण्याची विद्या घराघरांतून टिकून राहिली आणि नवे शिकणारेही येऊ लागले. तरीही अत्तुश विणणाऱ्यांपुढची सर्वांत मोठी अडचण जिथल्या तिथे आहे, ती म्हणजे साल मिळण्याची. ज्या झाडावर ही सारी परंपरा उभी आहे ते झाड आसपासच्या जंगलात विरळ झाले आहे. पारंपरिक उपयोगाविषयी लिहिताना आपण बहुधा उपयोग सांगतो आणि थांबतो. निबुतानीत मात्र उपयोग, त्यामागची शिस्त आणि जंगलावरचा अधिकार या तीन गोष्टी एकमेकींना इतक्या घट्ट बांधलेल्या आहेत की त्यांतली एक सुटली की उरलेल्या दोन्ही डळमळतात, आणि येथे सर्वांत आधी सुटला तो अधिकार.

झाड

ओह्योचे शास्त्रीय नाव उल्मस लॅसिनिएटा. जपान, कोरिया, ईशान्य चीन, साखालिन आणि रशियाचा अतिपूर्व भाग येथील डोंगरउतारांवर, विशेषतः ओलसर दऱ्यांमध्ये ते वाढते. 1859 मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले तेव्हा ते युरोपातल्या डोंगरी एल्मचाच एक प्रकार मानले गेले होते. स्वतंत्र जाती म्हणून त्याची मांडणी नंतर, 1906 मध्ये झाली. पान ओळखायला सोपे आहे. इतर एल्मचे पान टोकाशी निमुळते होते, तर ओह्योच्या पानाला टोकाकडे बहुधा तीन, कधी पाच दाते किंवा खंड फुटलेले असतात. आपल्याकडचा वावळ याच कुळातला आहे, आणि वावळाची पातळ पंख असलेली चपटी फळे ज्यांनी उन्हाळ्यात झाडाखाली वेचून, भाजून, आतली बी खाल्ली आहे त्यांना एल्मच्या फळाची कल्पना सहज येईल.

ऐनूंच्या प्रदेशात दुसराही एक एल्म आहे, जपानीत ज्याला हारुनिरे म्हणतात तो. ऐनू कथांमध्ये या झाडाची देवता चिकिसानी ही अतिशय सुंदर स्त्री आहे. आकाशातला मेघगर्जनेचा देव तिच्यावर मोहित होतो आणि त्यांच्यापासून ऐनूंना जगण्याची रीत शिकवणारा वीर जन्माला येतो. तो वीर एल्मच्या सालीचे वस्त्र नेसतो आणि त्या वस्त्राची किनार जळत असते. हारुनिरेच्या लाकडावर लाकूड घासून अग्नी पाडत असत, हे लक्षात घेतले की कथेतली जळती किनार कोठून आली हे कळते. हारुनिरेच्या सालीचाही धागा निघतो, पण तो ओह्योच्या धाग्याइतका चिवट नसतो. म्हणून कापडासाठी पहिली पसंती ओह्योला असे आणि त्याच्या खालोखाल लिंडेनच्या जातीतल्या झाडांना.

साल काढण्याची रीत

साल काढायचा काळ म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात, साधारणतः जून महिना. या दिवसांत झाडात रस चढलेला असतो, खोडाच्या लाकडाबाहेरचा वाढीचा थर कोवळा आणि ओला असतो, त्यामुळे साल लाकडापासून स्वच्छ सुटते. हंगाम उलटला की हीच साल लाकडाला चिकटून बसते आणि ओढताना फाटते.

सरळ वाढलेले, खालच्या भागात फांद्या नसलेले खोड निवडतात. साल काढण्यापूर्वी झाडातल्या कामुयची, म्हणजे देवत्वाची, प्रार्थना करून त्याला काही अर्पण करण्याची प्रथा आहे. मग बुंध्याजवळ आडवा छेद देऊन साल थोडी सोडवतात, सुटलेले टोक दोन्ही हातांनी धरून खोडापासून मागे सरकतात आणि वर झटका देत ओढतात. पट्टी वर चढत जाते, निमुळती होते आणि फांद्यांजवळ पोचून तुटून खाली येते. बाहेरचा खडबडीत भाग तिथेच काढून टाकला जातो. घरी येते ती फक्त आतली मऊ, ओली, फिकट साल.

या रीतीतला महत्त्वाचा नियम हा की एका झाडाची साल सर्व बाजूंनी काढायची नाही. खोडाच्या घेराचा एक भागच सोलायचा आणि उरलेली साल वाऱ्याने उचकटू नये म्हणून सालीच्याच पट्टीने खोडाभोवती बांधून ठेवायची. हा नियम श्रद्धेचा भाग म्हणून पाळला जात असला तरी त्यामागचे वनस्पतिशास्त्र अगदी पक्के आहे. पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत जाते ते अंतर्सालीतूनच. पूर्ण घेराची साल काढली तर मुळे उपाशी राहतात आणि झाड काही काळात वाळते. एक बाजू सोडली तर अन्नाची वाट चालू राहते, जखमेच्या दोन्ही कडांनी नवी ऊती सरकत येते आणि झाड जगते. म्हणजे ऐनूंच्या दृष्टीने ओह्यो हे तोडायचे लाकूड नव्हते. एकदा साल घेऊनही जिवंत राहणारे आणि बी टाकत राहणारे ते झाड होते. अत्तुशची परंपरा शेकडो वर्षे चालू शकली ती या हिशेबावर. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणात सर्वांत मोलाचे ज्ञान येथे आहे, विणकामात नाही.

सालीपासून धाग्यापर्यंत

घरी आणलेली साल पाण्यात मुरवावी लागते. एल्मच्या अंतर्सालीत चिकट, बुळबुळीत द्रव्य भरपूर असते आणि तंतूंचे थर त्याच द्रव्याने एकमेकांना धरलेले असतात. पूर्वी साल डबक्यात, दलदलीत किंवा जवळ असल्यास गरम पाण्याच्या झऱ्यात बरेच दिवस बुडवून ठेवत. आता बहुतेक ठिकाणी लाकडाच्या राखेसह मोठ्या भांड्यात उकळतात. दोन्ही रीतींचा उद्देश एकच, चिकटा सैल करणे. अंबाडीच्या काड्या कुजवून वाख काढणारा शेतकरी हेच करतो. त्यानंतर वाहत्या पाण्यात धुऊन बुळबुळीतपणा काढतात आणि सालीचे थर एकेक करून सोलतात. पुस्तकाच्या पानांसारखे पातळ थर सुटतात, ते दांडीवर टांगून वाळवतात आणि हिवाळ्यासाठी ठेवून देतात.

हिवाळ्यात खरे चिकाटीचे काम सुरू होते. वाळलेला थर ओला करून नखांनी दोन-एक मिलिमीटर रुंदीच्या बारीक पट्ट्यांत चिरायचा, पट्टीला पीळ द्यायचा, एक पट्टी संपत आली की पुढची गाठीने जोडायची आणि गोळा गुंडाळत जायचे. चाती नाही, चरखा नाही; साधन म्हणजे बोटे. धाग्याची जाडी सारखी राहणे हे सर्वस्वी हाताच्या सवयीवर अवलंबून असते आणि एका वस्त्रापुरता धागा तयार करण्यात विणण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ जातो. अत्तुशचे मोल ठरवताना गिऱ्हाईक कापडाकडे पाहते. श्रमाचा मोठा वाटा मात्र त्या गोळ्यांमध्ये आधीच खर्च झालेला असतो.

माग अगदी साधा आहे. ताण्याचे एक टोक खुंटीला बांधलेले असते, दुसरे टोक विणणारीच्या कमरेला. ती जमिनीवर पाय पसरून बसते आणि आपल्या शरीरानेच ताण्याला ताण देते. उभे धागे वेगळे ठेवण्यासाठी फणी, त्यांना आळीपाळीने उचलण्यासाठी काठी आणि आडवा धागा ठोकून बसवण्यासाठी लांब, चपटी लाकडी पट्टी एवढीच साधने लागतात. कापड जसजसे विणले जाते तसतसे ते गुंडाळत ती खुंटीच्या दिशेने पुढे सरकते. हवा कोरडी असेल तर धागा ठिसूळ होऊन तुटतो, म्हणून तो ओलसर ठेवावा लागतो. विणकाम स्त्रियांचे आणि कोरीवकाम पुरुषांचे अशी ऐनूंमध्ये विभागणी होती.

तयार कापडाची रुंदी माणसाच्या कमरेवरच्या मागाला साजेशी, म्हणजे साधारण 35 ते 40 सेंटिमीटर असते. रंग सालीचाच, मधासारखा तपकिरी. पट्टे हवे असतील तर अक्रोड किंवा ऑल्डरच्या सालीत काही धागे रंगवून घेतात. अंगरख्याच्या गळ्याला, बाह्यांना आणि किनारीला गडद सुती कापडाच्या पट्ट्या लावून त्यांवर भरतकामाने वळणदार आणि काट्यासारखी नक्षी काढतात. कापड राकट दिसते, पण हवा खेळती ठेवते, पाण्याला चांगले तोंड देते आणि ओले झाले तरी कमकुवत होत नाही. ओह्योच्या सालीपासून दोर, पाठीवर ओझे वाहण्याचे पट्टे आणि विणलेल्या पिशव्याही होत, परंतु बाहेरच्या जगात नाव झाले ते कापडाचे.

गिऱ्हाईक कोण होते

अत्तुश ही केवळ घरच्या वापराची वस्तू होती असा समज योग्य नाही. इदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, मात्सुमाए या सरदार घराण्याकडे ऐनूंशी व्यापार करण्याचा एकाधिकार होता आणि त्या व्यापारात माशांबरोबर, कातड्यांबरोबर अत्तुशही जात असे. होक्काइदो आणि ओसाका यांच्यामध्ये जपानी समुद्रातून ये-जा करणाऱ्या मालवाहू जहाजांवरच्या खलाशांमध्ये हे कापड फार लोकप्रिय होते. समुद्राच्या पाण्यात टिकणारे आणि चटकन वाळणारे कापड त्यांना हवेच होते. 1878 मध्ये इंग्रज प्रवासी इझाबेला बर्ड बिरातोरीला जाऊन ऐनू घरांत राहिली आणि तिने सालीच्या कापडाचे वर्णन लिहून ठेवले. त्या वेळी हे कापड रोजच्या अंगावरचे होते.

पुढे सुती कापड स्वस्त झाले आणि रोजचा वापर संपला. निबुतानीत विणकाम टिकले त्याला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पर्यटनाने हातभार लावला. होक्काइदोला येणाऱ्या प्रवाशांना अत्तुशच्या पिशव्या, टेबलावरची कापडे, किमोनोचे कमरपट्टे हवे असत आणि तेथील स्त्रियांना त्यातून घरबसल्या पैसा मिळे. काही अभ्यासक या काळाकडे परंपरेचा बाजार झाल्याचा काळ म्हणून पाहतात. मला ते पटत नाही. हाताची सवय ही संग्रहालयातल्या कपाटात टिकत नाही, ती मागणीवर टिकते, आणि ज्या काळात ऐनू असणे लपवावे असे अनेकांना वाटत होते त्या काळात ही मागणी नसती तर 2013 मध्ये दर्जा देण्यासाठी कोणी विणणारे उरलेच नसते.

अधिकार कसा गेला

1869 मध्ये, इदो काळ संपल्यावर आलेल्या मेइजी सरकारने बेटाचे नाव होक्काइदो ठेवून तेथे वसाहतीकरणाची मोहीम सुरू केली. ऐनू ज्या नदीखोऱ्यांत शिकार, मासेमारी आणि वनोपज गोळा करत त्या भूमीवर त्यांचा लेखी हक्क नव्हता, कारण वस्तीवस्तीने वाटून घेतलेली क्षेत्रे हाच त्यांचा कायदा होता. नव्या जमीन कायद्यांनी ती सारी भूमी सरकारी ठरली. 1876 मध्ये विषारी बाणांनी शिकार करण्यास बंदी आली आणि त्यानंतर नद्यांमधल्या सामन माशांवर निर्बंध आले. 1899 च्या 'संरक्षण' कायद्याने ऐनू कुटुंबांना शेतीसाठी जमिनीचे तुकडे दिले आणि त्यांना शेतकरी बनवू पाहिले. जंगल त्या हिशेबात नव्हतेच. हा कायदा 1997 पर्यंत लागू होता.

जंगलाचे पुढे जे झाले ते होक्काइदोत सर्वत्र झाले. रुंदपर्णी मिश्र जंगले इमारती लाकडासाठी तोडली गेली आणि अनेक ठिकाणी त्यांच्या जागी फर आणि लार्च या सूचिपर्णी झाडांची एकसुरी लागवड झाली. ओह्यो हे ओलसर दरीत इतर झाडांबरोबर वाढणारे झाड. लागवडीच्या ओळींमध्ये त्याला जागा नव्हती. एका झाडाची एक बाजू सोलून बाकीचे राखायचे, ही शिस्त पाळायला ऐनू तयार होते, परंतु पुढच्या वर्षी ते झाड तिथे असेल की नाही हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याकडे गेला होता. साल घेणाऱ्याचा संयम आणि झाड राखण्याची सत्ता यांची अशी फारकत झाली की संयमाला काही फळ उरत नाही.

निबुतानीत जमिनीचा प्रश्न शेवटी न्यायालयात गेला तो धरणामुळे. सारु नदीवरच्या निबुतानी धरणासाठी ऐनूंची जमीन संपादन केली गेली तेव्हा शिगेरु कायानो आणि कोइची काइझावा यांनी दावा लढवला. 27 मार्च 1997 रोजी सप्पोरो जिल्हा न्यायालयाने संपादन बेकायदेशीर ठरवले आणि ऐनू हे मूळ रहिवासी असल्याचे मान्य केले; पण धरण तोवर बांधून झालेले असल्याने ते हटवण्याचा आदेश दिला नाही. कायानो यांनी त्याआधी अनेक वर्षे ऐनू वापराच्या वस्तू गोळा करून 1972 मध्ये निबुतानीत संग्रहालय उभे केले होते आणि 1994 मध्ये ते जपानी संसदेतले पहिले ऐनू सदस्य झाले. त्यांचा आणि नगराच्या संग्रहालयाचा मिळून 1,121 वस्तूंचा संग्रह 2002 मध्ये राष्ट्रीय महत्त्वाची लोकसांस्कृतिक संपत्ती म्हणून नोंदला गेला.

दर्जा काय देतो आणि काय देत नाही

'पारंपरिक हस्तकला' हा दर्जा 1974 च्या कायद्यानुसार मिळतो. वस्तू मुख्यतः रोजच्या जीवनात वापरायची असावी, तिच्या निर्मितीतला मुख्य भाग हाताने व्हावा, तंत्र आणि कच्चा माल दोन्ही किमान 100 वर्षांपासून चालत आलेले असावेत आणि त्या भागात ती बनवणाऱ्यांची संख्या पुरेशी असावी, अशा त्याच्या अटी आहेत. या दर्जाने नाव सुरक्षित राहते, विक्रीला मदत होते आणि प्रशिक्षणासाठी साहाय्य मिळू शकते. अत्तुशच्या बाबतीत हे सारे उपयोगी ठरले.

परंतु अटीतला 'पारंपरिक कच्चा माल' हा भाग नीट पाहावा. कायदा कारागिराला सांगतो की धागा ओह्योच्या सालीसारख्या परंपरेने ठरलेल्या मालाचाच हवा. ती साल कोठून येईल याची जबाबदारी मात्र तो कोणावरही टाकत नाही. मातीच्या भांड्यांबाबत किंवा रेशमाबाबत हा प्रश्न इतका तीव्र होत नाही, कारण माती विकत मिळते आणि रेशमाचे उत्पादन वाढवता येते. साल काढण्याजोगे ओह्योचे खोड तयार व्हायला काही दशके लागतात. दर्जामुळे मागणी वाढली तर झाडावरचा ताणही वाढतो. हा दर्जा चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. मात्र सरकारच्या एका मंत्रालयाने कापडाचा गौरव करावा आणि जंगल सांभाळणाऱ्या दुसऱ्या खात्याचा त्याच्याशी संबंध नसावा, ही रचना अपुरी आहे.

झाड परत आणण्याचे प्रयत्न

ही उणीव निबुतानीच्या लोकांनी दर्जा मिळण्याच्या कितीतरी आधी ओळखली होती. धरणाचा दावा लढवणारे काइझावा यांनीच 1994 मध्ये चिकोरोनाय नावाचा न्यास सुरू केला. लोकांकडून देणग्या जमवून डोंगरावरची जमीन विकत घ्यायची आणि तिथे मूळचे रुंदपर्णी जंगल वाढू द्यायचे, असा त्याचा मार्ग. ज्या भूमीवर आपल्या पूर्वजांचा वावर होता तीच भूमी बाजारभावाने विकत घ्यावी लागणे यात मोठा अन्याय आहे, पण तो दूर होण्याची वाट पाहत न बसता काम सुरू केले गेले. पुढे 2008 मध्ये बिरातोरीत ऐनूंच्या पारंपरिक जीवनक्षेत्राच्या पुनरुज्जीवनाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, ज्यात संस्कृतीला लागणाऱ्या वनस्पती वाढवण्याचा भाग आहे. त्या खोऱ्यात मोठे जंगल बाळगणाऱ्या मित्सुई या कंपनीनेही 2010 मध्ये बिरातोरीच्या ऐनू संघटनेशी सांस्कृतिक कामासाठी सहकार्याचा करार केला.

या साऱ्या प्रयत्नांपुढे एक अडथळा आहे तो हरणांचा. होक्काइदोतली हरणे एल्मच्या जातीची साल आवडीने खातात, विशेषतः हिवाळ्यात बर्फाखाली दुसरे काही मिळत नाही तेव्हा, आणि ती खोडाला सर्व बाजूंनी कुरतडतात. त्यामुळे माणसाने जो नियम काटेकोरपणे पाळला तो हरणाच्या दातांनी मोडतो आणि झाड मरते. रोपेही वरच्यावर खुडली जातात. म्हणून ओह्यो लावणे म्हणजे खड्डा खणून रोप ठेवणे नव्हे. कुंपण घालणे, खोडांना जाळी गुंडाळणे आणि हरणांची संख्या आटोक्यात ठेवणे हेही त्याच कामात येते.

2019 चा कायदा

2019 मध्ये जपानी संसदेने केलेल्या कायद्यात ऐनूंना प्रथमच कायद्याच्या शब्दांत मूळ रहिवासी म्हटले गेले. अत्तुशच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची तरतूद राष्ट्रीय वनांतून वनोपज गोळा करण्याविषयीची आहे. ऐनू विधींसाठी किंवा कलांसाठी लागणारी साल, लाकूड, गवत राष्ट्रीय वनातून घेता यावे यासाठी विशेष व्यवस्था करता येते. तिचा मार्ग मात्र नगरपालिकेतून जातो: नगरपालिका प्रादेशिक आराखडा बनवते, केंद्र सरकार तो मंजूर करते आणि मग त्या आराखड्याच्या चौकटीत साल काढता येते. ऐनू समाजाला स्वतःचा असा सामूहिक वनहक्क या कायद्याने मिळालेला नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला येथे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची आठवण होणे स्वाभाविक आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती 2011 मध्ये आला आणि त्यानंतरच हक्काला व्यवहारात अर्थ आला. दोन्ही ठिकाणची परिस्थिती वेगळी आहे, पण तपासायची गोष्ट तीच आहे: वनोपज घेण्याची मुभा आणि कोणते झाड राखायचे, किती घ्यायचे, कोणत्या उतारावर तोड होऊ द्यायची नाही हे ठरवण्याची सत्ता, या दोन्ही एकाच हाती आहेत का? निबुतानीत आज मुभा आहे आणि सत्ता नाही. सालीचा घेर किती घ्यावा हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्यांचे मत वनआराखड्यात सल्ला म्हणून न घेता निर्णय म्हणून घेतले जावे, अशी मागणी ऐनूंनी केली तर ती पूर्णपणे रास्त ठरेल.

विणणे शिकायला काही वर्षे लागतात, तर झाड वाढायला काही दशके. आज निबुतानीत मागावर बसणारी नवी विणकर जी साल वापरते ती कोणी योजून न लावलेल्या, तोडीतून वाचलेल्या झाडांची आहे. 1994 नंतर जपलेल्या उतारांवरची आणि त्यानंतर लावलेली झाडे पुरेशी जाड होतील ती तिच्यानंतर शिकणाऱ्यांसाठी. मधल्या वर्षांत राष्ट्रीय वनातली उरलेली मोठी झाडे मोजून, त्यांची नोंद ठेवून, कोणत्या वर्षी कोणत्या झाडाची कोणती बाजू घेतली हे विणकरांच्या हाताखालीच लिहिले गेले पाहिजे, आणि तोवर कोवळ्या झाडांभोवतीची कुंपणे दर हिवाळ्याआधी दुरुस्त होत राहिली पाहिजेत.